पाव फेरा

खाजाभाई कोणाच्याबी घरी गेले की आधी भिंतीला हात लावायचे. सलाम-दुवा त्याच्यानंतर. दारातच उभं राहून पंजा भिंतीवर असा ठिवायचे, जसं म्हशीच्या पाठीवर ठिवतात, मग आत येऊन बसायचे. सोयऱ्यांनी लई हसून घेतलं त्यांना. एकदा सोयरिकीच्या बोलणीला गेले तरी तेच. पोरीच्या बापानं इचारलं, "काय बघून राहिले मिस्तरी? भिंत पक्की हाय, सिमिटात बांधली." तर म्हणले, "न्हाई वो, सवय हाय."

मागच्या थंडीत ते गेले. झोपेतच गेले, किल्लारीच्या घरात, एकटेच. त्यांची हकीकत कुठं छापून यायची न्हाई, तेवढे मोठे ते नव्हते. पर जे झालं ते झालं तसं सांगून ठिवावं, एवढंच.

तर खाजाभाई मूळचे लातूरचे. अब्बांचं कल्हईचं दुकान व्हतं. शाळा सातवीपर्यंत, मग मोटार वायंडिंगच्या दुकानात बसले, तांब्याच्या तारा गुंडाळू गुंडाळू बोटं लाल व्हायची. किल्लारीच्या शकिलाभाभीसंगं लगीन झालं आन् तिकडंच माळावरच्या सूतगिरणीत नोकरी लागली. किल्लारीपासून सायकलवर अर्धा घंटा. म्हाताऱ्या अम्मीलाबी सोबत नेलं. सासरच्या गल्लीतच दगडामातीचं घर घेतलं किरायानं.

गिरणीत त्यांचं काम यंत्र दुरुस्त करायचं नव्हतं, यंत्राची तब्येत बघायचं व्हतं. दुरुस्तीवाले येगळे. ह्यांनी नुसतं हिंडायचं आन् कोणची मोटार आजारी पडणार हाय ते आधी सांगायचं. त्याच्यासाठी एक मेगर व्हता, लाकडी पेटीतला, त्याचं हँडल फिरवलं की मोटारीच्या आतल्या तारांचं येष्टण शाबूत हाय का कुजलं ते सुई सांगायची. दुसरं थरथर मोजायचं मीटर, त्याचं टोक मोटारीला टेकवायचं. आन् तिसरी एक लोखंडी सळई. ती त्यांची स्वताची. एक टोक बेरिंगच्या डब्यावर, दुसरं कानामागच्या हाडाला. मग डोळे मिटायचे. चांगलं बेरिंग कसं वाजतं इचारलं तर म्हणायचे, "झोपलेल्या लेकरावाणी." आन् खराब? "भाकरीत कच लागल्यावाणी."

गिरणीतली समद्यात मोठी मोटार हवेच्या पंख्याची. पंखा म्हणजे घरातला न्हाई, माणसाच्या उंचीची पाती. वल्ली हवा आत ढकलायचा. तो थांबला की आतली हवा कोरडी व्हायची आन् समद्या गिरणीतलं सूत तटातटा तुटायचं. म्हणून त्या मोटारीवर खाजाभाईंचा लई जीव. भाभी म्हणायच्या, "तिचं नाव काय ठिवलं? मला बी सांगा. सवतीचं नाव तर माहीत पाहिजे."

त्र्याण्णव साली गणपती विसर्जन झालं त्या पहाटं खाजाभाई डूटीवर व्हते. पंख्याच्या मोटारीला सळई लावून कान देऊन बसले व्हते. आन् सळईतून आवाज आला. घरघर. खोल. त्यांना वाटलं बेरिंग गेलं. वरडले, "बंद करा, मोटार बंद करा." कोणीतरी मोटार बंद केली. पंखा फिरू फिरू थांबला. पर सळईतला आवाज काई थांबला न्हाई. मग पत्रे वाजले, लाइट गेली, लोक बाहेर पळाले. गिरणी लोखंडाची आन् पत्र्याची, डुलली पर पडली न्हाई. समदे मैदानात उभे, आन् खाजाभाई एकटे आत. बॅटरी तोंडात धरून बेरिंगचं झाकण खोलून बसले. ग्रीसमधी बोटं घालून तुटलेला तुकडा हुडकत व्हते. तुकडा काई सापडंना. त्यांना पटतच नव्हतं. उजाडलं तेव्हा रस्त्यानं एक माणूस बोंबलत आला की किल्लारी गेली.

अम्मी गेली. थोरला अमान गेला, दुसरीत व्हता. भाभी अंगणात निजल्या व्हत्या म्हणून राहिल्या. धाकटी उमैमा पाच वर्साची, तिला मिलिटरीवाल्यांनी दुपारून ढिगाऱ्यातून काढली, अंगावर नुसतं खरचटलेलं. अमान तिच्यापासून हातभर लांब सापडला.

तेव्हापासून ती भिंतीला हात लावायची सवय. आन् तेव्हापासून त्या घरात अमानचं नाव निघालं न्हाई. खाजाभाईंनी काढलं न्हाई, भाभींनी काढलं न्हाई. ईदला तीनच ताटं वाढायची, चौथ्याची जागा कोणी सोडायचं न्हाई, कोणी भरायचंबी न्हाई.

पत्र्याच्या शेडमधी काही वर्सं काढली. तिथं शेजारी नागाबाई नावाची म्हातारी व्हती, तिचे तर पोरगा-सून दोघं गेलेले. तिला कोणीतरी सांगितलं की मिस्तरीजवळ थरथर मोजायचं यंत्र हाय. झालं. रोज संध्याकाळी काठी टेकत यायची.

"खाजा, लाव की रं त्ये जमिनीला."

"मावशी, ते मोटारीचं हाय. त्याला भूकंप कळत न्हाई."

"तुला काय जातंय लावायला? झिजतंय का त्ये?"

मग खाजाभाई मीटर आणायचे, टोक जमिनीला टेकवायचे, तोंड गंभीर करून सुईकडं बघायचे. "काई न्हाई मावशी. निजा." मग ती निजायची. हळूहळू अर्धी शेड यायला लागली. खाजाभाईंना माहीत व्हतं की त्या मीटरला काही कळत न्हाई, पर रोज गिरणीतून घरी आणायचेच ते. साहेबांनी एकदा हटकलं तर म्हणले, "साहेब, लोक झोपतात त्याच्यानं."

पुढं नवीन गावात घरं मिळाली. रांगेनं सारखी घरं. नागाबाई वारली. आन् गिरणीची तब्येत बिघडली. कधी कापूस न्हाई, कधी लाइट न्हाई, कधी वर भांडणं. एक दिवस बंदच पडली. साहेब म्हणले, चालू करू, पैसे घालणारी नवीन मंडळी बघून राहिलो, थोडी कळ काढा. लोक कोणी पुण्याला गेले, कोणी रानात. मोठे साहेब, गेटवरचा नरसिंग वाचमन आन् खाजाभाई, एवढेच राहिले.

आता बंद गिरणीत तब्येत बघणाऱ्याचं काय काम, असं कोणालाबी वाटंल. पर मोटार नुसती उभी राहिली की खराब व्हती. एवढं वजन एकाच जागी बेरिंगवर दाबून बसतं. ग्रीस खाली उतरतं. ज्या रोलरवर वजन असतं तिथं वण पडतो, मग कधी चालू केली की तो वण बोलतो. म्हणून दर शुक्रवारी, नमाज झाली की, खाजाभाई गिरणीत जायचे आन् एकएक मोटार हातानं फिरवायचे. पाव फेरा. जास्त न्हाई, कमी न्हाई. दांड्यावर खडूची खूण केलेली. ह्या शुक्रवारी खूण वर असली तर पुढच्याला उजव्या अंगाला, मग खाली, मग डाव्या अंगाला. म्हणजे वजन दर येळी नव्या जागी बसतं. पंख्याच्या मोटारीला लोखंडी पाइप अडकवून अंगाचा जोर लावायला लागायचा. पावसाळ्यात मोटारीत वल जाऊ नये म्हणून आत बलब लावून ठिवायचे. मेगर फिरवून बघायचे, सुई चांगली वर गेली की पेटी बंद.

नरसिंग गेटवरून चिडवायचा, "मिस्तरी, मुडद्याला कुशीवर वळवून राहिले का?"

"मुडदा न्हाई रं. निजली हाय."

दोन हजार चार सालाची गोष्ट. उमैमा धाव्वीला पहिली आली. मास्तर घरी आले आन् म्हणले, पोरीला हितं ठिवू नका, लातूरला घाला. तेव्हा समदे लातूरलाच चालले व्हते. नांदेड म्हणू नका, हदगाव म्हणू नका, कुठकुठली लेकरं लातुरात येऊन राहिली व्हती. गल्लीगल्लीत क्लास, क्लासच्या वर खोल्या, खोल्यांच्या बाजूला मेस. आया गाव सोडून पोरांसंगं खोलीत राहायच्या, सैपाक करायच्या. ज्या लातुरातून खाजाभाई उठून किल्लारीला आले व्हते त्याच लातुरात त्यांची बायको आन् पोरगी भाड्याच्या खोलीत गेली. पंचफुलाबाईंचं घर, दुसरा मजला, खाली पंचफुलाबाई स्वता राहायच्या. त्यांच्याकडं फोन व्हता.

आन् खाजाभाई एकटे राहिले.

सैपाक त्यांना येत नव्हता. खिचडी करायचे, एकदाच, दिवसभर तीच. घरात बोलायला कोणी न्हाई म्हणून की काय, भांड्यालाबी हात लावून बघायचे की तापलं का. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायचे. शेजारी टीव्ही लावायचे, त्याचा आवाज इकडं यायचा. शुक्रवारी गिरणीतून आले की टपरीवरच्या फोनवरून लातूरला फोन.

"फिरवल्या का?" भाभी इचारायच्या.

"फिरवल्या. पोरगी?"

"अभ्यास करून राहिली."

"तू?"

"हाय की."

एवढंच बोलणं. मग फोन ठिवल्यावर खाजाभाई टपरीवाल्याला उगी सांगायचे, "लई खुश हायत तिकडं."

पहिलं वर्स गेलं. दुसऱ्या वर्सी, बारावीच्या, दिवाळीनंतर एका शुक्रवारी फोन भाभींनी उचलला आन् म्हणल्या, "अवो, तुम्ही या. पोरगी म्हणती भिंत हलती."

"कोणची भिंत?"

"खोलीची. निजत न्हाई. पुस्तक उघडून नुसती भिंतीकडं बघती. घरी चला म्हणती. क्लास नको म्हणती. मला तर कळंना झालं."

खाजाभाईंनी घरी येऊन मीटर घेतलं, सळई घेतली, पाना-पकड घेतली. जाताजाता गेटवर नरसिंगला सांगितलं, "दर शुक्रवारी मोटारी फिरव. खडूची खूण बघत जा." तेवढंच बोलले, कारण लातूरची जीप सुटायला लागली व्हती.

शनिवारी सकाळी पंचफुलाबाईंच्या दारात गेले आन् आधी भिंतीला हात. पंचफुलाबाई म्हणल्या, "भाऊ, माझं घर कालचं हाय का? इतकी पोरं राहून गेली, कोणाला काय हललं न्हाई."

"बघतो बाई. बघायला काय जातंय."

वर गेले. उमैमा खाटेवर बसलेली, गुडघे जवळ घेऊन. सतरा वर्साची पोरगी, पर डोळे त्या दिवशी ढिगाऱ्यातून काढली तेव्हाचे. खाजाभाईंनी सलाम घेतला, डोक्यावरून हात फिरवला असंल नसंल, आन् लागले कामाला. भिंतीला मीटर लावलं. सुई हलली. खरंच हलली. खाजाभाईंचं तोंड उजळलं. पोरगी खोटं बोलत न्हाई. सळई लावून आवाजाचा माग काढत खाली उतरले. हौदाजवळ पाणी वर चढवायची मोटार व्हती, ती चालू व्हती. पायाचे दोन बोल्ट ढिले, आन् पाइप भिंतीला घट्ट आवळलेला. मोटारीची थरथर पाइपानं भिंतीत, भिंतीतून दुसऱ्या मजल्यावर.

त्यांनी बोल्ट आवळले. सायकलची जुनी ट्यूब कापून मोटारीखाली घातली, पाइपालाबी गुंडाळली. पंचफुलाबाई बघत उभ्या.

"भाऊ, असंच माझ्या मिक्सरचंबी बघा की. लई वरडतोय."

मिक्सरबी बघितला. चहा झाला. खाजाभाई हसले त्या दिवशी, भाभी सांगतात. लई दिवसांनी हसले. परत मीटर लावलं, सुई जाग्यावर. उमैमाला म्हणले, "झालं बेटा. मोटार व्हती. आता निज."

दुसऱ्या दिवशी सकाळी उमैमा तशीच खाटेवर बसलेली.

"अब्बा, हलून राहिली."

खाजाभाईंनी मीटर लावलं. काई न्हाई. दुसरीकडं लावलं. छताला लावलं, खाटेला, फरशीला. काई न्हाई. पोरीला सुई दाखवली. "बघ. बघ की. कुठं हाय?"

"हाय अब्बा."

"सुई म्हणती न्हाई."

"मला कळतंय. सारखी हलती."

परत खाली गेले. मोटार बंद. परत वर आले. शेजारच्या इमारतीत जाऊन तिथल्या मोटारीला हात लावून आले. गल्लीच्या तोंडाला पिठाची गिरणी व्हती, तिथंबी जाऊन आले. दुपार झाली. घामानं सदरा भिजलेला. शेवटी मीटर हातात धरून आवाज चढवला, "अरे पर न्हाई ना कुठं, मग काय हलून राहिलं?"

भाभी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या व्हत्या. मान वर न करता म्हणल्या, "अवो, मोटार तर सकाळीच चालती तासभर. पोरगी दिवसभर म्हणती. कालपासून तुम्ही समद्या गल्लीला हात लावून आले. पोरीला लावला का?"

खाजाभाईंनी मीटर खाली ठिवलं. खाटेवर पोरीच्या मागं बसले आन् तिच्या पाठीवर पंजा टेकवला, जसा मोटारीवर टेकवायचे तसा.

थरथर व्हती. बारीक, सारखी, आतून. वरून बघून कळायची न्हाई. खाजाभाईंना ती ओळखीची व्हती. मोटारीला तीन तारांतून लाइट येते. त्यातली एक तुटली तर मोटार फिरत न्हाई पर थांबतबी न्हाई. जाग्यावर नुसती गुणगुणती, आन् आतल्या आत तापती. लवकर न्हाई बघितलं तर जळून जाती. तशी व्हती पोरगी.

त्यांनी हात काढला न्हाई.

लई येळानं उमैमा बोलली. भिंतीकडं तोंड करूनच. "अब्बा, अमानभाई ठोकत व्हता. तिकडून. दगडानं टकटक करायचा. मी बी करायची इकडून. मग त्यानं बंद केलं."

भाभींच्या हातातलं सूप तसंच राहिलं. बारा वर्सांनी त्या घरात ते नाव निघालं.

"इथं खाली मोटार चालू झाली का भिंतीत तसंच वाजायचं. टकटक. मग बंद व्हायचं. मग मला वाटायचं..."

खाजाभाई म्हणले, "मला बी आवाज आला व्हता बेटा. मला वाटलं बेरिंग हाय."

बस, एवढंच म्हणले. हात पाठीवर तसाच. पोरगी हळूहळू कलली आन् खाजाभाईंच्या मांडीवर डोकं ठिवून निजली. भरदुपारी. संध्याकाळ झाली, मांडीला मुंग्या आल्या, पर ते हलले न्हाई. भाभींनी तांदळाचं सूप उचललं आन् बाहेर जाऊन बसल्या. रडून घ्यायला जागा पाहिजे व्हती त्यांना.

आता खाजाभाईंनी परत जायला पाहिजे व्हतं. गिरणीची नवीन मंडळी जमली व्हती, उन्हाळ्यात चालू करायचं ठरलं व्हतं, आन् मोठे साहेब समद्यांना सांगून राहिले व्हते की मोटारींची काळजी न्हाई, मिस्तरी हायत. सोमवारी खाजाभाईंनी पिशवी भरली. उमैमा दारात उभी राहिली. "जावा म्हणली ती," असं भाभी सांगतात. जा म्हणली, पर चौकटीला धरून उभी राहिली, आन् खाजाभाईंनी चौकटीवर हात ठिवला तर तिची थरथर लाकडात आलेली. पिशवी परत खाली ठिवली.

परीक्षेपर्यंत राहिले. सकाळी लातुरात एका वायंडिंगच्या दुकानात बसायचे, दुपारी खोलीवर. उमैमा वाचायची, ते मागं बसायचे. हात पाठीवर. कधी एक घंटा, कधी जास्त. पुस्तकातलं त्यांना काई कळत नव्हतं. शेजारच्या खोलीतली पोरं म्हणायची, "काका, तुम्ही काय चार्जिंग करता का तिला?" खाजाभाई म्हणायचे, "हाव. पैसे लागत न्हाईत." थरथर कमी झाली. एकदम न्हाई. एखाद दिवशी परत यायची. मग येईनाशी झाली.

परीक्षा झाली आन् उन्हाळ्यात गिरणी चालू करायचा दिवस आला. मंडप टाकला, नारळ आणले, लांबून लोक आले. ज्यांची नोकरी गेली व्हती ते समदे कपडे धुऊन इस्तरी करून आलेले. खाजाभाईंनी मेगर लावून बघितला, तारा ठणठणीत. मग पंख्याची मोटार चालू केली. पाती फिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाजाभाईंनी सळई लावली, डोळे मिटले.

घरघर. खोल. तीच.

खाजाभाईंना पहिल्यांदा वाटलं की भूकंप परत आला. त्यांनी सळई सोडून जमिनीला हात लावला. जमीन गप्प व्हती. बेरिंगच व्हतं ह्या बारीला. उठले आन् साहेबांना म्हणले, "बंद करा."

"मिस्तरी, लोक आलेत. चालू द्या आजच्या दिवस."

"साहेब, बंद करा. अडकून बसंल, दांडा जाईल."

बंद केली. नरसिंग वाचमन गर्दीत उभा व्हता. खाजाभाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"नरसिंग, फिरवायचास ना?"

"दर शुक्रवारी. एक सोडला न्हाई." नरसिंग अभिमानानं म्हणला. "तुमी म्हणले व्हते खूण बघत जा. म्या पुरा फेरा मारून खूण बरोब्बर वर आणून ठिवायचो बगा, हाय तिथं. घाम निघायचा. पर खूण कधी खाली राहू दिली न्हाई."

चौपट मेहनत केली व्हती बिचाऱ्यानं, आन् मोटार दर येळी परत त्याच जागी, त्याच वणावर नेऊन बसवली व्हती. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. पाव फेरा हे दोन शब्द सांगायचे राहिले, जीप सुटत व्हती म्हणून.

"बरं केलंस," खाजाभाई म्हणले.

साहेब आले. म्हणले, "काय झालं? हे असं कसं झालं?"

"वण पडलाय साहेब. उभी राहून."

"उभी राहून म्हणजे? तुम्हाला कशाला ठिवलं व्हतं? तुम्ही लातुरात जाऊन बसले लेकरापाशी, आन् इथं..."

"हाव साहेब," खाजाभाई म्हणले. नरसिंगचं नाव घेतलं न्हाई.

बेरिंग सोलापूरहून आणायचं ठरलं, ते आलं उशिरा. तवर नव्या मंडळींत कुरबूर सुरू झाली. गिरणी चालू झाली, पर खाजाभाईंना घरी बसवलं. उमैमाला मार्क पडले, पर डॉक्टरीएवढे न्हाई. सोयऱ्यांत बोलणं झालंच. हेबी गेलं, तेबी गेलं, म्हणले. एकानं तोंडावर इचारलं, "मिस्तरी, मिळालं काय लातुरात बसून?" खाजाभाई म्हणले, "झोपती ती आता."

उमैमा नांदेडला शिकली, मास्तरीण झाली, हदगावला नोकरी, तिथंच लगीन. लेकरं झाली तशा भाभी तिकडं गेल्या, नातवंडं बघायला. खाजाभाईंना कितींदा म्हणले, या. ते जायचे, दोन रोज राहायचे. भिंतीला हात, लेकरांच्या पाठीला हात, पोरीच्या पाठीवर जरा जास्त येळ. आन् मग किल्लारीची बस. का, ते कोणाला कळंना. त्यांचं एक लेकरू किल्लारीच्या मातीत व्हतं म्हणून असंल.

गिरणी काही वर्सं चालून परत बंद पडली, ह्या बारीला कायमची. कोणाला काही घेणं-देणं राहिलं न्हाई. पर शुक्रवारी खाजाभाई गेटवर यायचे. नरसिंग कुलूप काढायचा.

खाजाभाईंचा चाळिसावा झाल्यावर भाभी आन् उमैमा किल्लारीचं घर आवरायला आल्या. भांडी कमीच व्हती. मेगर गिरणीचा व्हता, तो परत द्यायचा म्हणून उमैमा पेटी घेऊन माळावर गेली. शुक्रवार व्हता. नरसिंग गेटवर बसलेला, आता त्याचीबी पाठ वाकलेली. पेटी त्यानं घेतली न्हाई. म्हणला, "ताई, कोणाला देऊ? कोणी हाय का हितं?" मग कुलपाची चावी काढून म्हणला, "जरा आत येता का?"

आत अंधार, पत्र्याच्या भोकांतून ऊन. पंख्याची मोटार तेवढी पुसलेली. दांड्यावर खडूची खूण, डाव्या अंगाला. पाइप अडकवलेलाच व्हता.

"मिस्तरी गेले तवापासून हलली न्हाई," नरसिंग म्हणला. "आता दोघं लागतात ताई. म्या एकटा लावून बघितला जोर. जागची हलत न्हाई."

"पर काका, चालूच व्हायची न्हाई ना ही आता?"

"न्हाई. भंगारवाले बघून गेलेत." त्यानं पाइपावरची धूळ हातानं पुसली. "म्या बी इचारलं व्हतं मिस्तरीला. तर म्हणले, जवर हाय तवर एका जागी बसू देऊ नको. त्यांनीच शिकवलं मला मागून. पाव फेरा. आधी म्या चुकीचा फिरवायचो, म्हाईत हाय का तुमाला? बारा वर्सं बोलले न्हाईत, मग एक दिवस सांगितलं. लई हसलो दोघं."

उमैमानं पेटी खाली ठिवली, पदर खोचला. एका अंगानं ती, एका अंगानं नरसिंग. जोर लावला. आधी काई न्हाई. मग आतून ग्रीस सुटल्याचा बारीक आवाज आला आन् दांडा हलला. खूण डावीकडून वर सरकायला लागली. ती ढकलतच राहिली.

"बास," नरसिंग म्हणला. "बास ताई. वर आली. हितंच ठिवायची."

तिनं पाइप सोडला. मोटारीच्या थंड अंगावर हात ठिवून उभी राहिली जरा येळ. नरसिंगनं पाइप काढला, भिंतीला लावला.

"पुढच्या शुक्रवारी?" तिनं इचारलं.

हदगाव किती लांब हाय ते नरसिंगलाबी ठावं व्हतं. बाहेर येऊन त्यानं कुलूप लावलं, ओढून बघितलं, आन् गेटवरच्या खुर्चीवर जाऊन बसला. उमैमा मेगरची पेटी परत घरी घेऊन आली. संध्याकाळच्या बसमधी भाभी खिडकीपाशी, उमैमा बाजूला, पेटी तिच्या मांडीवर. बस चालू झाली तशी पेटी थरथरायला लागली, आन् उमैमानं तिच्यावर हात ठिवला तो उतरंपर्यंत काढला न्हाई.